पोटाची तक्रार, मग सुई पायात का?

जेवल्यावर पोट जड होतं, चार घास खाल्ले की भरल्यासारखं वाटतं, ढेकरा थांबत नाहीत, अशी तक्रार घेऊन कोणी ॲक्युपंक्चरवाल्याकडे गेलं तर सुई पोटावरच टोचली जाईल असं नाही. बऱ्याचदा ती गुडघ्याच्या वाटीखाली, नडगीच्या बाहेरच्या अंगाला टोचली जाते. ‘इथे का?’ असं विचारलं की उत्तर ठरलेलं असतं: ‘इथून जठराचा मेरिडियन जातो.’ हे ऐकून काही जण भक्तिभावाने मान डोलावतात, काही जण मनातल्या मनात हसतात. पण जातो म्हणजे नक्की काय जातं आणि ते कोणी पाहिलंय, हे दोघांपैकी कोणीच विचारत नाही.

आधी हा मार्ग कुठून कुठे जातो ते पाहू. पारंपरिक चिनी वैद्यकात शरीरावर १२ मुख्य मेरिडियन, म्हणजे ‘ची’ ही जीवनशक्ती वाहण्याच्या वाटा, मानतात. त्यांतला जठराचा मेरिडियन डोळ्याच्या बुबुळाच्या बरोबर खाली, खोबणीच्या कडेपाशी सुरू होतो. तिथून गालावरून ओठाच्या कोपऱ्याशी, मग जबड्यावर. जबड्यावरून एक फाटा कानासमोरून वर चढून कपाळाच्या कोपऱ्यात केसांपर्यंत जातो. दुसरा गळ्याच्या बाजूने उतरून गळपट्टीच्या हाडामागच्या खळग्यात येतो. तिथून एक शाखा आत शिरून जठर आणि प्लीहेला जाऊन मिळते असं मानतात. बाहेरची वाट छातीवर स्तनाग्रातून, पोटावर बेंबीच्या बाजूने, जांघेतून मांडीच्या पुढच्या भागावर, गुडघ्याच्या वाटीच्या बाहेरून नडगीवर, घोट्याच्या पुढून पावलावर आणि शेवटी अंगठ्याशेजारच्या बोटाच्या नखापाशी संपते. उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंना ही वाट सारखीच, आणि प्रत्येक बाजूला तिच्यावर ४५ बिंदू.

अंतरं मोजायला ‘त्सुन’ हे माप वापरतात. ते ज्याचं त्याचं असतं. रुग्णाच्या स्वतःच्या अंगठ्याची रुंदी म्हणजे १ त्सुन, चार बोटं जुळवली की ३ त्सुन. त्यामुळे लहान मुलाच्या आणि पहिलवानाच्या पायावरचा बिंदू एकाच सूत्राने सापडतो. छातीवर ही वाट मध्यरेषेपासून ४ त्सुन दूर असते, पोटावर २ त्सुन.

प्रत्येक बिंदूला चिनी नाव आहेच, शिवाय जगभर चालणारा क्रमांकही आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एकूण ३६१ बिंदूंच्या जागा ठरवून छापल्या. चीन, जपान आणि कोरियाच्या तज्ज्ञांचं त्यांतल्या ६ बिंदूंबद्दल शेवटपर्यंत एकमत झालं नाही, तेही त्यात नोंदवलं आहे. या पद्धतीत जठराच्या मेरिडियनची खूण आहे एसटी. त्यामुळे क्लिनिकमध्ये ‘एसटी ३६ घ्या’ असं ऐकू आलं तर मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर लाल डबाच येणार. पण ही उपमा वाटते तितकी वाईट नाही. एसटीच्या एखाद्या मार्गासाठी वेगळा रस्ता बांधलेला नसतो. आहेत त्याच रस्त्यांवरून गाडी जाते, थांबे मात्र खरे असतात आणि मार्गाचं नाव कागदावर असतं. मेरिडियनकडे असं पाहिलं की निम्मा गोंधळ मिटतो. शवविच्छेदनात जठरापासून पायाच्या बोटापर्यंत जाणारी कुठलीही नळी सापडत नाही. १९६० च्या दशकात उत्तर कोरियाच्या किम बोंग-हान यांनी अशा नळ्या सापडल्याचा दावा केला होता, पण तो वैद्यकशास्त्राने मान्य केला नाही.

मग ही वाट आली कुठून? माझं म्हणणं असं की ही एक रेषा नाहीच. तीन वेगवेगळ्या गोष्टी शतकानुशतकं एकमेकींवर बसत गेल्या आणि त्यांची एक रेषा झाली. त्या सुट्या केल्या तर कशाला किती किंमत द्यायची हे ठरवता येतं.

पहिला थर नाडीचा

खालच्या जबड्याच्या कडेवर, चावताना फुगणाऱ्या स्नायूच्या किंचित पुढे बोट ठेवा. ठोका लागतो. गळ्याच्या बाजूला ठेवा, मोठा ठोका लागतो. जांघेत ठेवा, तिथेही. आणि पावलाच्या वरच्या बाजूला, घोट्याच्या खाली जिथे डॉक्टर मधुमेही रुग्णाची नाडी तपासतात, तिथेही. या चारही जागा जठराच्या मेरिडियनवर आहेत आणि चारही ठिकाणी त्याचे बिंदू आहेत. प्राचीन चिनी ग्रंथात या वाटेवर ‘रक्तही भरपूर, ची-सुद्धा भरपूर’ असं म्हटलंय. ते कुठल्या समाधीत सुचलेलं नसावं, बोटांनी चाचपून सुचलेलं असावं.

जुना पुरावाही तिकडेच बोट दाखवतो. १९७३ साली चीनच्या हूनान प्रांतात छांगशा शहराजवळ मावांगत्वेई इथल्या एका कबरीत रेशमावर लिहिलेले वैद्यकीय मजकूर सापडले. ती कबर इसवी सनापूर्वी १६८ मध्ये बंद केलेली. त्या मजकुरात १२ नाही, ११ मार्ग आहेत. बिंदू एकही नाही. सुयांचाही उल्लेख नाही. उपचार सांगितलाय तो मॉक्साचा, म्हणजे दवण्याच्या जातीतल्या एका वनस्पतीची वाळवलेली पानं जाळून दिलेला शेक. म्हणजे आधी रेषा आल्या, बिंदू मागाहून. पुढे बिंदू वाढतच गेले. तिसऱ्या शतकात हुआंगफू मी यांच्या ग्रंथात ३४९, अकराव्या शतकात वांग वेईयी यांनी राजाज्ञेवरून लिहिलेल्या ग्रंथात ३५४ आणि आज ३६१. ‘पाच हजार वर्षांचं न बदललेलं शास्त्र’ असं जाहिरातीत वाचलं की हे आकडे आठवावेत.

दुसरा थर दुखण्याचा

हुआंगदी नेइचिंग या प्राचीन ग्रंथाच्या लिंगशू भागात, दहाव्या अध्यायात, प्रत्येक मेरिडियन बिघडला तर काय होतं याची यादी आहे. जठराच्या यादीत नाकातून रक्त येणं, ओठांचे कोपरे चिरणं, गळा सुजणं, गुडघा सुजून दुखणं, छातीपासून जांघ, मांडी, नडगी आणि पावलापर्यंत कळ जाणं हे सगळं आहे. यादी नीट पाहिली तर ती जठराच्या रोगांची वाटतच नाही. त्या वाटेवर जे जे दुखतं त्याची ती नोंद आहे.

आणि मधेच एक विलक्षण चित्र येतं. हा रोगी माणसांना आणि विस्तवाला घाबरतो. लाकडावर लाकूड आपटल्याचा आवाज आला तरी दचकतो. दारं-खिडक्या लावून एकटाच बसू पाहतो. आणि रोग बळावला की उंचावर चढून गाणी म्हणतो, अंगावरचे कपडे टाकून पळत सुटतो. आज आपण याला मानसिक आजाराचा झटका म्हणू, किंवा तापात चढलेलं वात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या वैद्याने ते पाहिलं आणि जठराच्या खात्यावर मांडलं. मला हा उतारा फार आवडतो, कारण यात सिद्धांताच्या आड खरा रोगी दिसतो.

एका जागची व्यथा दुसऱ्या जागी जाणवते हे काही खुळचट नाही. हृदयविकारात जबड्यात आणि डाव्या हातात कळ येते हे आधुनिक वैद्यकही शिकवतं. त्याचं कारण मज्जारज्जूत एकत्र येणाऱ्या नसांमध्ये आहे. सुई टोचल्यावर बधिर, जड, मुंग्यांसारखी संवेदना वर-खाली सरकते, असंही पुष्कळ रुग्ण सांगतात. जुन्या वैद्यांनी हे सगळं ऐकून रेषा लांबवल्या असतील तर नवल नाही.

तिसरा थर हिशेबाचा

इथे मात्र मी हात आखडता घेतो. ११ मार्गांचे १२ झाले. १२ झाले की त्यांच्या जोड्या लागल्या, पंचतत्त्वं वाटली गेली आणि जठर-प्लीहेच्या वाट्याला पृथ्वी आली. मग दिवस-रात्रीचे दोन-दोन तासांचे १२ भागही वाटून दिले आणि जठराला सकाळी ७ ते ९ ही वेळ मिळाली. व्हॉट्सॲपवर फिरणारं ‘शरीराचं घड्याळ’ ते हेच. सकाळी पोटभर न्याहारी करायला माझी ना नाही, पण तिचा आधार म्हणून हे घड्याळ फार कच्चं आहे. लिंगशूमध्येच दुसरीकडे असं लिहिलंय की ‘ची’ एका दिवस-रात्रीत शरीराभोवती ५० फेऱ्या मारते. मग ती जठरात दोन तास कशी थांबणार? शिवाय ७ कुठले धरायचे? साऱ्या चीनमध्ये एकच घड्याळ चालतं. बीजिंगच्या घड्याळात सकाळचे ७ वाजतात तेव्हा पश्चिमेच्या काशगरमध्ये सूर्याच्या हिशेबाने पहाटेचे ४ वाजलेले असतात.

या थरातली एक कल्पना मात्र रोजच्या उपचारात कामाची ठरते. चिनी वैद्यकात ‘जठर’ म्हणजे नुसती पिशवी नव्हे, ते काम आहे: अन्न स्वीकारायचं, मुरवायचं आणि खाली ढकलायचं. जठराची गती खालच्या दिशेने, प्लीहेची वरच्या. ही दिशा उलटली की उचकी, ओकारी, आंबट ढेकर, जळजळ. त्यामुळे उपचाराचा रोख एकच: वर आलेलं खाली उतरवणं. हिरड्या सुजल्या, तोंडाला वास येतो, तर जठरात उष्णता झाली असं समजून पावलावरच्या बोटांच्या बेचक्यातला ४४ वा बिंदू घेतात. तोंड वाकडं झालं तर ओठाच्या कोपऱ्यातून जबड्याकडे आडवी सुई देतात. तिथे जठराचा संबंध नावापुरताच. ती वाट चेहऱ्यावरून जाते म्हणून.

गुडघ्याखालचा तो बिंदू

४५ बिंदूंमध्ये एकाला पाटलाचा मान आहे. तो म्हणजे ३६ वा, त्सुसानली. गुडघा वाकवला की वाटीच्या खाली बाहेरच्या बाजूला खळगा लागतो. तिथून चार बोटं खाली, आणि नडगीच्या धारेपासून एक बोट बाहेर. पाऊल वर उचललं की तिथला स्नायू फुगतो. कुठल्या भागासाठी कुठला बिंदू, हे पाठ करण्याचं एक जुनं चिनी पद्य आहे; त्यात पोटासाठी हाच बिंदू सांगितलाय. जपानमध्ये तो प्रवाशांचा बिंदू झाला. १६८९ साली उत्तरेच्या लांबच्या पायपिटीला निघताना कवी बाशोने टोपीची दोरी बदलली, कपडे शिवले आणि गुडघ्याखाली याच जागी मॉक्साचा शेक घेतला, असं त्यानेच लिहून ठेवलंय.

१९७१ साली न्यूयॉर्क टाइम्सचे पत्रकार जेम्स रेस्टन चीनमध्ये असताना त्यांचं अपेंडिक्स काढावं लागलं. ॲक्युपंक्चरने भूल देऊन ही शस्त्रक्रिया झाली अशी दंतकथा अजून सांगितली जाते. ती खोटी आहे. भूल नेहमीच्या इंजेक्शनानेच दिली होती. पोट फुगून अस्वस्थ वाटू लागलं ते दुसऱ्या रात्री. तेव्हा तिथल्या तज्ज्ञाने त्यांच्या उजव्या कोपरापाशी आणि दोन्ही गुडघ्यांच्या खाली सुया टोचल्या आणि पोटाजवळ मॉक्साचा शेक दिला. रेस्टन यांना तासाभरात बरं वाटलं. त्यांनी ते छापलं आणि अमेरिकेत ॲक्युपंक्चरचं कुतूहल उसळलं.

भारतात ही विद्या त्याच्या आधीच पोचली होती, आणि तिचा धागा सोलापूरच्या घरातून जातो. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि नागपूरचे डॉ. चोळकर होते, तसेच बंगालचे डॉ. बिजय कुमार बसूही होते. कोटणीस १९४२ साली तिकडेच वारले. बसू परतले, १९५० च्या दशकाच्या अखेरीस पुन्हा चीनला गेले, तिथे ॲक्युपंक्चर शिकले आणि कोलकात्यात ते सुरू केलं. महाराष्ट्राने या उपचारपद्धतीसाठी २०१५ साली स्वतंत्र कायदा केला.

आता मुद्द्याचं: हा बिंदू खरंच काही करतो का?

उंदरांपुरतं उत्तर बरंच स्पष्ट आहे. हार्वर्डमधल्या छ्योफू मा यांच्या गटाने २०२१ साली ‘नेचर’मध्ये एक प्रयोग छापला. जिवाणूंच्या विषामुळे अंगभर दाह झालेल्या उंदरांना मागच्या पायावर, ३६ व्या बिंदूच्या जागी, सुईतून हलका विद्युतप्रवाह दिला. दाह कमी झाला. कारणही सापडलं. तिथे खोलवरच्या आवरणात एका विशिष्ट प्रकारच्या संवेदी नसा आहेत. त्यांचा संदेश मेंदूपर्यंत जातो, तिथून व्हेगस नसेमार्फत मूत्रपिंडावरच्या अधिवृक्क ग्रंथीला पोचतो आणि ग्रंथीतून दाह शमवणारी रसायनं सुटतात. ज्या उंदरांमध्ये या नसाच नव्हत्या त्यांच्यावर परिणाम झाला नाही.

याच गटाच्या कामातला दुसरा भाग मेरिडियनवाल्यांनी आणि त्यांची टिंगल करणाऱ्यांनी, दोघांनीही वाचावा असा आहे. तेवढाच हलका प्रवाह बेंबीच्या बाजूच्या २५ व्या बिंदूवर दिला तर हा परिणाम दिसला नाही. बिंदू त्याच मेरिडियनवरचा, पण पोटाच्या आवरणात त्या नसा नाहीत. तिथे जोरदार प्रवाह दिला तर वेगळ्या नसा जाग्या होतात आणि मग वेळेला महत्त्व येतं: विषाच्या आधी दिला तर दाह कमी, नंतर दिला तर उलट जास्त. म्हणजे जागा, जोर आणि वेळ या तिन्हींनी फरक पडतो. आणि तो पडतो नसांच्या मांडणीमुळे. एका रेषेवर असण्याने नाही.

माणसांचं काम इतकं स्वच्छ नाही. २०१२ साली चीनमधून छापलेल्या एका चाचणीत अपचनाचे ७१२ रुग्ण सहा गटांत वाटले होते. हे अपचन असं की तपासणीत काही सापडत नाही, पण त्रास मात्र होतो. एका गटाला जठराच्या मेरिडियनवरचे मानाचे बिंदू, दुसऱ्याला त्याच मेरिडियनवरचे दुय्यम बिंदू, इतरांना दुसऱ्या जागा, एकाला खोटी सुई, म्हणजे बिंदू नसलेल्या जागी टोचलेली, आणि एकाला जठराची हालचाल वाढवणारी आयटोप्राइडची गोळी. मानाच्या बिंदूंच्या गटात सुमारे ७० टक्के रुग्णांना बरं वाटलं, खोट्या सुईच्या गटात सुमारे ३५ टक्के, बाकीचे मधे. त्याच रेषेवरचे दुय्यम बिंदूही मागेच पडले. उंदरांनी जे सांगितलं त्याच्याशी हे जुळतं.

२०२० साली ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये आलेल्या चाचणीत जेवणानंतर पोट जड होणारे २७८ रुग्ण होते. चार आठवड्यांनी खऱ्या सुईच्या गटात ८३ टक्क्यांना आराम, खोट्या सुईच्या गटात ५२ टक्क्यांना. फरक आहेच, पण तो ५२ चा आकडाही डोळ्याआड करू नये. चुकीच्या जागी वरवर टोचूनही निम्म्या लोकांना बरं वाटलं! कोणीतरी नीट विचारपूस करतं, आडवं निजवतं, लक्ष देतं, याचाही गुण येतो. शिवाय सुई टोचणाऱ्याला खरी कुठली नि खोटी कुठली हे माहीत असतं. ते लपवायचं कसं, याचं चांगलं उत्तर अजून निघालेलं नाही. आणि पोटाचं जे चित्र दिसतं ते सगळीकडे दिसत नाही. जर्मनीत २००७ साली कंबरदुखीच्या १,१६२ रुग्णांवर झालेल्या चाचणीत खऱ्या सुईने ४७.६ टक्के आणि खोट्या सुईने ४४.२ टक्के रुग्णांना गुण आला, म्हणजे जवळपास बरोबरीच. नेहमीच्या उपचाराने आला २७.४ टक्क्यांना.

म्हणून माझं मत असं: तपासण्या होऊन गेल्या आहेत, काही निघालेलं नाही, पण जेवणानंतरचा जडपणा जात नाही, अशा माणसाने गुडघ्याखालच्या सुईचा अनुभव घ्यायला हरकत नाही. दिवसाच्या घड्याळावर किंवा पृथ्वीतत्त्वावर मात्र पैसे खर्च करू नयेत.

अंगठ्याने त्सुसानली दाबायला काही धोका नाही. दोन-चार मिनिटं, दुखरं-जड वाटेल इतपत दाबावं. सुईचं काम मात्र शिकलेल्या माणसाचं. या मार्गावर काही जागा नाजूक आहेत. पहिला बिंदू डोळ्याच्या खोबणीत आहे. नववा गळ्यातल्या मोठ्या धमनीला लागून. छातीवरच्या बिंदूंवर सुई खोल गेली तर फुफ्फुसाभोवती हवा भरून फुफ्फुस आकसू शकतं. सतरावा स्तनाग्रावर आहे, तिथे सुई टोचतच नाहीत. मोजमापाची खूण म्हणूनच तो वापरतात. गर्भारपणात पोटावरचे बिंदू टाळतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगावं. मधुमेहाने पाय बधिर झालेल्या माणसाला मॉक्साचा शेक देऊ नये, भाजलेलं कळतच नाही. आणि सुई समोर पाकीट फोडून काढलेली, एकदाच वापरायची असावी. याबाबत भीड बाळगू नये.

काही तक्रारी ॲक्युपंक्चरकडे न्यायच्याच नसतात. काळी शौच, रक्ताची उलटी, गिळताना अडकणं, कारण नसताना वजन उतरणं, पन्नाशीनंतर नव्यानेच सुरू झालेलं अपचन: आधी डॉक्टर, लागली तर दुर्बीण. आपल्याकडे छातीत दाटलं की ‘गॅस झाला’ म्हणून सोडा पिण्याची जुनी खोड आहे. दाटण्यासोबत दरदरून घाम येत असेल, कळ जबड्यात किंवा हातात जात असेल, तर बिंदू शोधत बसू नये. १०८ ला फोन करावा, ईसीजी निघेपर्यंत त्याला गॅस म्हणू नये.